काळोख्या पाण्यातला झोत : रात्रीच्या डायव्हिंगसाठी विजेरीची निवड आणि खर्चाचा मेळ

रात्री समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या हातातील विजेरीकडे तीन कामे असतात. ती समोरचे दाखवते, सोबत्याला खुणा करण्याचे साधन होते आणि वर बोटीत बसलेल्या माणसाला खाली कोण कोठे आहे याचा ठावठिकाणा देते. दिवसा ही तीनही कामे सूर्यप्रकाश फुकट करून देतो, त्यामुळे डायव्हिंगच्या साहित्याची यादी करताना विजेरीचा क्रमांक बहुधा शेवटी लागतो आणि तिच्यासाठी उरलेसुरले पैसे बाजूला ठेवले जातात. पाण्याखाली ज्याची विजेरी अकस्मात विझली आहे त्याला मात्र आपल्याजवळील हवा किती उरली हे दाखवणारी तबकडीही दिसत नाही, आणि ती दिसत नसेल तर उरलेल्या साहित्याची किंमत कितीही असली तरी त्या क्षणी तिचा उपयोग नसतो. म्हणून या विषयाचा विचार प्रकाशाच्या आकड्यापासून सुरू न करता विश्वासार्हतेपासून सुरू करावा आणि खर्चाची विभागणीही त्याच क्रमाने व्हावी, ही या विवेचनामागची भूमिका आहे.

हे विवेचन नामपूरसारख्या गावातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी वसलेले, कांद्याच्या बाजारासाठी परिसरात प्रसिद्ध असलेले हे गाव समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे आहे, पण पाण्याशी आणि काळोखाशी त्याची ओळख जुनी आहे. येथे पोहणे विहिरीत शिकले जाते, विहिरीची खोली अजूनही परसात, म्हणजे उभ्या पुरुषाच्या उंचीच्या हिशेबाने, सांगितली जाते, आणि हरणबारी धरणाच्या आवर्तनावर व विहिरींच्या पाझरावर पिकांचे गणित बसवले जाते. शेतीपंपांना वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळत असल्यामुळे कांद्याला किंवा डाळिंबाला बारे देण्यासाठी मध्यरात्री बांधावर जाणारा शेतकरी कपाळाला किंवा हाताला विजेरी बांधूनच बाहेर पडतो. झोत किती लांब जावा, किती पसरावा, बॅटरी पहाटेपर्यंत टिकेल का आणि बटण ओल्या हाताने दाबता येते का, हे प्रश्न त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. अशा घरातील एखादा तरुण किंवा तरुणी नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस जाते, सुट्टीत मालवणला किंवा अंदमानला डायव्हिंग शिकते आणि मग रात्रीच्या डायव्हिंगसाठी विजेरी घ्यायची वेळ येते, तेव्हा गावाकडचे हे ज्ञान अर्धे उपयोगी पडते आणि अर्धे दिशाभूल करते. कोणता अर्धा भाग कोणता, हे ओळखणे हा निवडीतला पहिला टप्पा आहे.

जमिनीवर जास्त प्रकाश म्हणजे जास्त दिसणे, हा नियम जवळपास नेहमी लागू पडतो, परंतु पाण्यात तो किती लागू पडेल हे पाणी किती निवळ आहे यावर ठरते. महाराष्ट्रात पर्यटकांसाठी स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरील टाकीतील हवा श्वासात घेत पाण्याखाली पोहणे, प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण आणि तारकर्ली परिसरात चालते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोवतालचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि पुढे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. हा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. नद्यांचा गाळ, लाटांनी ढवळला जाणारा वाळूचा तळ आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव यांमुळे येथे बरेचदा काही मीटरच्या पलीकडचे दिसत नाही. येथील बहुतेक पर्यटकांचे डायव्हिंग दिवसाउजेडी, उथळ पाण्यात आणि प्रशिक्षकाच्या हाताखाली होते. प्रमाणपत्रधारक पाणबुड्यांसाठी रात्रीच्या डायव्हिंगची सोय भारतात मुख्यतः अंदमानात, विशेषतः २०१८ च्या अखेरीपर्यंत हॅवलॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वराज द्वीपावर मिळते, आणि तेथील पाणी कोकण किनाऱ्यापेक्षा पुष्कळ निवळ असते. एकच विजेरी या दोन पाण्यांत दोन वेगळ्या विजेऱ्यांसारखी वागते, ही गोष्ट विक्रेत्याच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

या फरकाचे कारण पाण्याच्या दोन गुणांत आहे. पहिला गुण शोषणाचा: पाणी प्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे दिवसासुद्धा काही मीटर खोलीवर लाल मासा करडा किंवा तपकिरी दिसतो. रात्री विजेरी जवळ धरली की तोच मासा एकदम लाल होतो, कारण प्रकाशाला सूर्याप्रमाणे वरून खोलवर उतरावे लागत नाही. तरीही विजेरीचा प्रकाश वस्तूपर्यंत जाऊन पुन्हा डोळ्यापर्यंत येत असल्याने दोन मीटरवरच्या वस्तूसाठी त्याला चार मीटर पाणी ओलांडावे लागते, हे विसरता येत नाही. दुसरा गुण विखुरण्याचा: पाण्यातील गाळाचे आणि प्लवकांचे कण प्रकाश उलटा फेकतात, तो थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढुरके धुके उभे राहते. पाणबुडे याला बॅकस्कॅटर म्हणतात. डिसेंबरच्या पहाटे धुक्यात मोटारसायकलचा मोठा दिवा लावल्यावर रस्ता अधिकच दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार आहे. गढूळ पाण्यात प्रकाश वाढवला की धुकेही त्याच प्रमाणात उजळते, म्हणून तेथे प्रकाशाच्या एकूण मात्रेपेक्षा झोताचा कोन आणि विजेरी डोळ्यांपासून किती बाजूला धरली आहे, या गोष्टींना अधिक महत्त्व येते.

येथे दोन मापे समजून घ्यावी लागतात. ल्यूमेन हे विजेरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे, तर कँडेला हे एका विशिष्ट दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे माप आहे. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो, दुसरा बहुधा शोधावा लागतो. एक हजार ल्यूमेन प्रकाश १० अंशांच्या झोतात समान पसरला आहे असे मानले, तर त्याची तीव्रता सुमारे ४२ हजार कँडेला येते, आणि तोच प्रकाश १०० अंशांच्या झोतात पसरला तर ती साडेचारशे कँडेलाच्या आसपास राहते. एकूण प्रकाश तेवढाच असूनही मध्यभागी पडणाऱ्या उजेडात नव्वद पटींहून अधिक फरक पडतो. त्यामुळे तीन हजार ल्यूमेनची रुंद झोताची विजेरी घेऊन कोकणच्या पाण्यात उतरणाऱ्याला समोर उजळलेले धुके दिसते, आणि त्याच्या शेजारी आठशे ल्यूमेनचा अरुंद झोत घेऊन पोहणाऱ्याला खडकाची फट आणि तिच्यातील शेवंड दिसते. शिवाय झोत हवेत जितका रुंद असतो तितका पाण्यात राहत नाही, कारण सपाट काचेतून पाण्यात शिरताना किरण आतल्या बाजूला वळतात. हवेतील ८० अंशांचा झोत पाण्यात ५८ अंशांच्या जवळपास येतो. विक्रेता जो कोन सांगतो तो हवेतला की पाण्यातला, हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

शोधण्यासाठी आणि खुणा करण्यासाठी अरुंद झोत हवा आणि चित्रीकरणासाठी रुंद व एकसारखा झोत हवा, असा या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ होतो. चित्रीकरणाचा दिवा हा स्वतंत्र विषय आहे, त्याची किंमतही वेगळ्या पातळीवरची असते, आणि रात्रीच्या पहिल्या काही डुबक्यांत कॅमेरा हातात घेणेच बहुतेक प्रशिक्षकांना मान्य नसते. म्हणून पहिल्या खरेदीत त्याचा विचार करू नये. झोत कमी-जास्त रुंद करता येणाऱ्या विजेऱ्याही मिळतात, पण त्यांत हलणारा भाग एक वाढतो आणि पाणी शिरण्याची एक वाट वाढते, एवढे ध्यानात ठेवून त्या घ्याव्यात.

पाणी शिरण्याचा प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे आणि त्याबाबत सर्वाधिक फसगत होते. विद्युत उपकरणात पाणी व धूळ किती शिरू शकते याची प्रतवारी आयपी या अक्षरांनंतरच्या दोन अंकांनी दाखवली जाते. त्यांतील दुसरा अंक पाण्याविषयी असतो. हा अंक ७ असेल तर उपकरण एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, आणि ८ असेल तर त्याहून अधिक कठीण परिस्थितीत टिकते, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादकाने स्वतः सांगायचे असते. पावसात कांद्याच्या चाळीवर ताडपत्री ओढायला उपयोगी पडणारी ‘आयपी ६८’ विजेरी समुद्रात १८ मीटरवर टिकेलच, असा अर्थ त्या दोन अंकांतून निघत नाही. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. जगभर मान्यता असलेल्या पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आणि पुढच्या पायरीची ३० मीटर आहे, म्हणजे ३० मीटरवर विजेरीवर एकूण चार वातावरणांचा दाब असतो. त्यामुळे विजेरीवर किंवा तिच्या पुस्तिकेत मीटरमध्ये खोली स्पष्ट लिहिलेली असावी आणि ती आपल्या प्रमाणपत्राच्या मर्यादेच्या किमान दुप्पट असावी, हा सावध हिशेब योग्य ठरतो. डायव्हिंगसाठी बनवलेल्या चांगल्या विजेऱ्यांवर १०० मीटर किंवा त्याहून मोठा आकडा सहज आढळतो.

हा आकडा मात्र एका बारीक रबरी कड्यावर अवलंबून असतो. विजेरीचे डोके किंवा शेपटी जेथे आट्यांनी बसते तेथे गोल रबराचे एक किंवा दोन कडे असते, त्याला ओ-रिंग म्हणतात. दाब वाढला की हे कडे आपल्या खाचेत अधिक घट्ट बसते, म्हणूनच कित्येकदा विजेरीत पाणी खोलवर शिरत नाही, ते पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच शिरते, जेव्हा कडे अजून नीट दबलेले नसते. कड्यावर वाळूचा एक कण, डोक्याचा एक केस किंवा टॉवेलचा एक धागा राहिला तरी तेवढ्या फटीतून खारे पाणी आत जाते. प्रत्येक वेळी बॅटरी बदलल्यावर हे कडे बोटाच्या टोकाने, टोकदार वस्तू न वापरता, खाचेतून काढावे, उजेडात धरून बोटांमधून हळू फिरवत चीर किंवा चपटा भाग आहे का ते पाहावे, खाच धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावी, कड्याला सिलिकॉन ग्रीसचा फक्त चकाकी येईल इतका पातळ हात द्यावा आणि मगच ते परत बसवावे. जास्त ग्रीस लावले तर ते धूळ धरून ठेवते. गाडीचे ऑइल किंवा घरातील व्हॅसलीन येथे चालत नाही, कारण पेट्रोलियममुळे काही प्रकारचे रबर फुगते. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि महागातली महाग विजेरीही त्याशिवाय भरवशाची राहत नाही. म्हणून विजेरीसोबत दोन-तीन जादा कडी मिळतात का, ती नंतर सुटी मिळतात का आणि त्यांचे माप कोठे लिहिलेले आहे का, हे प्रश्न खरेदीपूर्वीच सोडवावेत. जिला जादा कडे मिळत नाही ती विजेरी अर्ध्या किमतीतही महाग पडते.

बॅटरीच्या बाबतीत आकड्यांचा गोंधळ याहून मोठा आहे. आजच्या बहुतेक विजेऱ्यांत लिथियम आयन प्रकारचा, १८६५० या नावाचा सेल असतो. या नावातच त्याचे माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. अशा चांगल्या सेलची क्षमता साधारण तीन ते साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास असते. बाजारात त्याच आकाराच्या सेलवर ९,९०० असा आकडा छापलेला सर्रास आढळतो, पण या आकारात एवढी साठवण आज शक्य नाही, आणि असे सेल प्रत्यक्षात नावाजलेल्या सेलच्या निम्मेही चालत नाहीत. ३,४०० मिलिअँपिअर-तासांचा ३.६ व्होल्टचा सेल सुमारे १२ वॅट-तास ऊर्जा देतो. एलईडी विजेरी एक हजार ल्यूमेनसाठी अंदाजे दहा वॅट घेत असेल, तर अशी विजेरी पूर्ण तेजावर तासाभराच्या आसपास चालेल, हे कागदावर मांडून पाहता येते. जी विजेरी त्याच एका सेलवर तीन हजार ल्यूमेन आणि तीन तास असे दोन्ही दावे एकत्र करते, तिचा हिशेब जुळत नाही, आणि तेथेच तिच्याविषयीचा निर्णय होऊन जातो.

विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ मध्ये एफएल-१ हे मानक आले आणि अनेक उत्पादक त्याचा उल्लेख करतात. त्यात विजेरी चालण्याचा वेळ मोजताना प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ धरला जातो. म्हणजे एक हजार ल्यूमेनची विजेरी शंभर ल्यूमेनवर उतरली तरी त्या हिशेबाने ती चालूच असते. पाणबुड्याला पूर्ण तेज किती मिनिटे टिकते हे हवे असते, आणि त्यासाठी चांगले उत्पादक वेळेनुसार प्रकाश कसा उतरतो याचा आलेख देतात. रात्रीची एक डुबकी साधारण ४० ते ५० मिनिटांची धरली, तर पूर्ण किंवा मध्यम तेजावर निदान ७५ मिनिटे टिकणारी विजेरी हवी. डायव्हिंगच्या अनेक विजेऱ्या स्वतःचा ताप सभोवतालच्या पाण्यात सोडतात, त्यामुळे त्या कोरड्यात पूर्ण तेजावर फार वेळ चालू ठेवू नयेत आणि त्यांची चाचणीही बादलीभर पाण्यात बुडवून घ्यावी.

विमानप्रवासाची अडचण नामपूरहून अंदमानला जाणाऱ्याच्या लक्षात बहुधा विमानतळावरच येते. सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाहीत, ते हातातील बॅगेत, टोके झाकून न्यावे लागतात. पाण्याखालच्या प्रखर विजेऱ्या चुकून चालू झाल्यास इतक्या तापतात की आग लागू शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत त्यांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांच्यासाठी विमान कंपनीची संमती घ्यावी आणि सेल काढून किंवा वेगळा करून ठेवावा, अशी अपेक्षा असते. ज्या विजेरीचा सेल काढताच येत नाही ती येथे गैरसोयीची ठरते. चार्जिंगचे भोक बाहेर असलेल्या विजेऱ्या दिसायला सोयीच्या असतात, पण त्या भोकाचे रबरी झाकण म्हणजे आणखी एक सील, आणि समुद्राच्या मिठाने त्याच्या पितळी टोकांना हिरवी कीट धरायला एक हंगाम पुरतो.

बटणांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जाड हातमोजा घालून, न पाहता, एका हाताने चालू-बंद करता आले पाहिजे. चुंबकावर सरकणारे बटण विजेरीच्या अंगाला भोक न पाडता काम करते, म्हणून ते भरवशाचे असते, आणि डोके फिरवून चालू होणाऱ्या साध्या विजेऱ्याही अनेक वर्षे सेवा देतात. मनगटात अडकवायची दोरी मात्र हवीच, कारण हातातून सुटलेली विजेरी तळाला जाऊन तिथेच जळत राहते.

खर्चाच्या प्रश्नाकडे वळताना प्रथम एक रीत सांगितली पाहिजे, ती अशी की रात्री प्रत्येक पाणबुड्याजवळ किमान दोन विजेऱ्या असतात. एक मुख्य, जिच्या उजेडात सगळी डुबकी होते, आणि दुसरी राखीव, जी जाकिटाला क्लिपने अडकवलेली असते आणि मुख्य विजेरी विझली तर बाहेर पडण्यापुरती वापरायची असते. याशिवाय टाकीच्या मानेला एक छोटा खुणेचा दिवा बांधतात, म्हणजे मागून येणाऱ्याला पाणबुड्या ओळखता येतो. नवशिक्याची सहज प्रवृत्ती अशी असते की सगळे पैसे मुख्य विजेरीवर घालावेत आणि राखीव विजेरी ‘नंतर बघू’ म्हणून सोडून द्यावी. येथे मांडलेला सल्ला नेमका उलट आहे: पहिली खरेदी राखीव विजेरीची करावी. मुख्य विजेरी डायव्हिंग केंद्रात भाड्याने मिळते, तिची देखभाल केंद्र करते आणि दोन-चार प्रकार हाताळून पाहण्याची संधीही त्यातूनच मिळते. राखीव विजेरी मात्र स्वतःची, ओळखीची आणि स्वतः सील तपासलेली असावी, कारण ती वापरायची वेळ येते तेव्हा शिकायला सवड नसते. शिवाय ती दिवसाही कामाला येते. मालवणच्या खडकांच्या कपारीत भर दुपारी अंधार असतो. २०२४ च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेल्या आयएनएस गुलदार या नौकेचे निवतीच्या खडकांजवळ पाण्याखालील संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे, आणि बुडवलेल्या नौकेच्या दारात नुसते डोकावून पाहायलाही उजेड लागतो. नौकेच्या आत शिरण्यासाठी मात्र वेगळे प्रशिक्षण लागते, छोटी विजेरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

राखीव विजेरी साध्या पेन्सिल सेलवर चालणारी घ्यावी, असा कल येथे आहे. हे सेल नामपूरच्या कोणत्याही किराणा दुकानात आणि स्वराज द्वीपाच्या बाजारातही मिळतात. प्रकाश तीनशे ल्यूमेन असला तरी भागतो. एक काळजी तेवढी घ्यावी: हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवावेत, कारण पडून राहिलेला अल्कलाइन सेल आतून फुटून विजेरीचे संपर्कबिंदू खाऊन टाकतो.

समजा एखाद्याने या सगळ्यासाठी १५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. पहिल्या हंगामात त्यांतले तीन हजार राखीव विजेरीवर खर्चावेत आणि मुख्य विजेरी भाड्याने घेऊन किमान काही रात्री उतरून पाहावे. पुढच्या हंगामात आवड टिकली असेल तर आठ हजारांपर्यंत मुख्य विजेरी घ्यावी, अडीच हजार नावाजलेल्या कंपनीचे दोन सेल आणि चांगला चार्जर यांसाठी ठेवावेत आणि उरलेले दीड हजार जादा कडी, ग्रीस, दोरी, खुणेचा दिवा आणि एक कडक डबा यांत जातील. या आकड्यांना बाजारभावाचा दर्जा नाही, ते प्रमाण दाखवण्यासाठी आहेत: एकूण रकमेच्या निम्म्याहून फारसे अधिक मुख्य विजेरीवर जाऊ नये, हे त्यातून सांगायचे आहे. परदेशातून मागवलेल्या वस्तूवर सीमाशुल्क आणि कर बसून किंमत बरीच चढते, आणि बिघाड झाल्यास ती परत पाठवण्याचा खर्च कधीकधी विजेरीएवढाच होतो. त्यामुळे भारतात विक्रेता असलेली, थोडी कमी तेजाची विजेरी पत्करावी. आणि ज्याला दोन वर्षांतून एकदाच रात्री उतरायला मिळणार आहे त्याने मुख्य विजेरी विकत घेऊच नये. त्याच पैशांत प्रशिक्षकासोबतची आणखी एक डुबकी पदरात पडते, आणि ती कोणत्याही विजेरीपेक्षा अधिक शिकवते.

प्रकाशाचा खर्च पैशांपलीकडेही असतो. रात्री प्रवाळांचे जीव आपली स्पर्शके बाहेर काढून भक्ष्य पकडतात, पोपटमाशांच्या काही जाती स्वतःभोवती चिकट पातळ कोष विणून त्यात झोपतात, शेवंडे आणि माकूळ कपारींतून बाहेर पडतात. त्यांच्या डोळ्यांवर प्रखर झोत रोखून धरला की झोपलेला मासा भांबावून खडकावर आपटतो, किंवा झोताकडे जमणाऱ्या शिकाऱ्याच्या तोंडी पडतो. झोताची कडा वस्तूवर ठेवणे, तेज कमी करता येणारी विजेरी घेणे आणि सोबत्याच्या डोळ्यांत कधीही झोत न मारणे, या गोष्टी निवडीच्याच भाग आहेत, कारण ज्या विजेरीला एकच तेज असते तिला सौम्य वागता येत नाही. खुणाही झोतानेच होतात: तळावर सावकाश वर्तुळ काढले तर ‘सर्व ठीक’ आणि झोत आडवा हलवला तर ‘इकडे लक्ष द्या’, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यासाठी अरुंद आणि स्पष्ट कडेचा झोत लागतो.

कोकण किनाऱ्यावर रात्रीच्या प्रकाशाला आणखी एक बाजू आहे. बोटीवरून प्रखर एलईडी दिवे सोडून मासे गोळा करायचे आणि जाळे ओढायचे, या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमारांनी, विशेषतः किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांनी, या मासेमारीविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला आहे, कारण तिच्यामुळे त्यांच्या वाट्याचा मासा किनाऱ्याला येण्याआधीच उपसला जातो. अशा किनाऱ्यावर रात्री पाण्याखाली उजेड करणाऱ्या बोटीकडे संशयाने पाहिले गेले तर त्यात गैर काही नाही. स्थानिक मच्छीमारांना आणि बंदर अधिकाऱ्यांना आधी सांगून, परवानगीच्या चौकटीत आणि स्थानिक बोटवाल्यासोबतच असा उपक्रम व्हावा.

विजेरी चांगली आहे म्हणून धरणात किंवा नदीत रात्री बुडालेल्याचा शोध घ्यायला कोणी उतरू नये, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे. ते प्रशिक्षित पथकांचे काम आहे आणि त्यांच्यासाठीही ते जीवावरचे असते. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत शोधकार्य करताना धुळ्याच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. विहिरी, बंधारे आणि धरणे यांतील गाळ, झाडांची खोडे, जुन्या दोऱ्या आणि वायरी यांच्यापुढे सर्वांत प्रखर झोतही हातभर अंतराच्या पलीकडे पोहोचत नाही.

विहिरीचा उपयोग मात्र विजेरीच्या परीक्षेसाठी चांगला होतो. पावसाळा संपून बागलाणातील विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात तेव्हाच डायव्हिंगचा हंगामही उघडतो, त्यामुळे प्रवासाला निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ही चाचणी सहज जमते. विजेरीतील सेल काढून त्या जागी टिश्यू पेपरची घट्ट सुरळी घालावी, कडे साफ करून बसवावे, विजेरी दगडासोबत मजबूत दोरीला बांधावी आणि काठावरूनच, पाण्यात न उतरता, ती सावकाश पाच परसांपर्यंत सोडावी. पहिल्या दोन मीटरमध्ये ती थोडा वेळ थांबवावी, कारण गळती असली तर तेथेच होण्याचा संभव अधिक असतो, आणि मग तळाजवळ अर्धा तास राहू द्यावी. पाच परसांवर समुद्रातील ३० मीटरचा दाब मिळत नाही, पण सदोष कडे, वाकडी आटी किंवा कारखान्यातून आलेली काचेची फट एवढ्यावर बहुधा उघडी पडते. वर काढल्यावर विजेरी बाहेरून पूर्ण कोरडी करावी, डोके खाली धरून उघडावी आणि कागद बोटांनी चाचपावा. कागदाचे एखादे टोक जरी ओलसर लागले तर कडे बदलून परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि दुसऱ्यांदाही तसेच झाले तर परताव्याची मुदत उलटण्यापूर्वी विजेरी विक्रेत्याकडे परत पाठवावी.